घरात भरणाऱ्या शाळांची पारख

गेल्या वर्षी याच मंडपात व्याख्यान संपवून मी पायऱ्या उतरत असता एका वृद्ध गृहस्थांनी मला बाजूला घेतले. त्यांची कन्या अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते. नातू तेथे आठवी संपवून नववीत जाण्याच्या बेतात होता. त्याला दम्याचा विकार. हिवाळ्यात निम्मे दिवस शाळा बुडे. म्हणून घरी बसून संगणकावर शिकवणाऱ्या एखाद्या सरकारी शाळेत त्याला घालावे, असे मुलीच्या मनात होते. गृहस्थ म्हणाले, "तिथे अशा डझनावारी शाळा आहेत म्हणे. फी कुठेच नाही. आणि प्रत्येक शाळा म्हणते, आम्हीच उत्तम. तुमचा जन्म शिक्षणखात्यात गेला, तेव्हा एवढंच सांगा, त्यांतली चांगली कोणती?"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. मी त्यांना पुढच्या वर्षाचा वायदा दिला, आणि वर्षभर त्या राज्यातील या शाळांविषयी जे मिळाले ते वाचून काढले. आजचे व्याख्यान हा त्या वायद्याचा हिशेब आहे.

प्रश्न एका नातवाचा असला तरी तेवढ्यापुरता नाही. आपल्या गावातील किती घरांतली मुले आज परदेशी आहेत, हे मी सांगायला नको. शिवाय मार्च २०२० नंतर आपल्याकडेही शाळांची दारे बंद झाली आणि स्वयंपाकघरात, ओसरीवर, क्वचित टेकडीवर जाऊनसुद्धा मुले दूरध्वनीच्या चौकोनात डोके घालून शिकली. तो प्रकार संकटापुरता होता. पेनसिल्व्हेनियात मात्र तो पंचवीस वर्षांहून अधिक काळ कायद्याने चालू आहे. तेव्हा ज्या शाळेला पटांगण नाही, घंटा नाही, जिच्या भिंतींना हात लावता येत नाही, तिची पारख कशी करावी, हे शिकायचे तर त्या राज्याकडे पाहण्यासारखे दुसरे ठिकाण सहसा सापडणार नाही.

प्रथम या शाळा म्हणजे काय, ते पाहू. पेनसिल्व्हेनियाने १९९७ साली चार्टर शाळांचा कायदा केला. चार्टर म्हणजे सनद. सरकारकडून सनद घ्यावयाची, कराच्या पैशावर शाळा चालवावयाची, परंतु रोजच्या कारभारात नेहमीच्या सरकारी शाळेपेक्षा अधिक मोकळीक घ्यावयाची, अशी ही योजना. तिचाच आधार घेऊन १९९८ मध्ये संगणकाद्वारे शिकवणारी पहिली शाळा निघाली. २००२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अशा शाळांना सनद देण्याचा अधिकार स्थानिक मंडळांकडून राज्याच्या शिक्षणखात्याकडे गेला. यांना तेथे सायबर चार्टर शाळा म्हणतात. आपण संगणकशाळा म्हणू.

या शाळा सार्वजनिक आहेत, हे विसरता कामा नये. त्यांत फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. संगणक, छपाईयंत्र आणि इंटरनेटचा खर्च शाळेने द्यावयाचा असतो. शिक्षकवर्गापैकी शेकडा ७५ जणांकडे तरी राज्याचे अध्यापन-प्रमाणपत्र हवे. वर्ष १८० दिवसांचे, किंवा वरच्या इयत्तांना ९९० तासांचे. बीजगणित, साहित्य आणि जीवशास्त्र या तीन विषयांच्या कीस्टोन नावाच्या राज्यपरीक्षा इतर मुलांप्रमाणे याही मुलांना असतात. त्यासाठी शाळा ठिकठिकाणी केंद्रे उघडते आणि मुलाला घर सोडून तेथे जावे लागते. सारांश, कागदावर पाहिले तर ही शाळा आणि कोपऱ्यावरची शाळा यांत फरक फक्त छपराचा.

या शाळांचा उगम कसा झाला, हे समजण्यास मिडलंड या गावाची हकीकत उपयोगी पडेल. पिट्सबर्गच्या वायव्येस, ओहायो नदीच्या काठी हे पोलादाचे गाव. १९८२ मध्ये तेथील पोलादाचा कारखाना बंद पडला. कारखाना गेला तशी माणसे गेली, कर गेला, आणि काही वर्षांत गावाला स्वतःचे हायस्कूलही चालवता येईना. गावची मुले शेजारच्या गावांत शिकू लागली. पुढे तर काही जण राज्याची हद्द ओलांडून ओहायोत जाऊ लागले. अशा गावाने २००० साली संगणकशाळा काढली. आपल्या मुलांची सोय व्हावी एवढाच मूळ हेतू. परंतु पहिल्याच वर्षी राज्यभरातून शेकडो मुलांनी नाव घातले. आज पीए सायबर या नावाने ती राज्यातील मोठ्या शाळांपैकी एक आहे, आणि ज्या गावाचे हायस्कूल बुडाले त्या गावाला त्याच शाळेने रोजगार दिला. याच कहाणीला दुसरी बाजूही आहे. शाळेच्या संस्थापकाने करचुकवेगिरीच्या कटाचा गुन्हा २०१६ मध्ये कबूल केला आणि २०१८ मध्ये त्याला कारावासाची शिक्षा झाली. गरजेतून निघालेली सोय, तिचा झपाट्याने झालेला विस्तार, आणि त्या विस्ताराबरोबर आलेला पैशाचा मोह, या तिन्ही गोष्टी त्या एका गावात पाहावयास मिळतात.

पुढे अशा शाळा वाढत गेल्या. फिलाडेल्फियाच्या आसपासच्या चार परगण्यांतील शिक्षणसंस्थांनी मिळून २००१ मध्ये ट्वेंटी-फर्स्ट सेंचुरी सायबर ही शाळा काढली. ती फक्त सहावी ते बारावीचे वर्ग चालवते. अगोरा, पेनसिल्व्हेनिया लीडरशिप, रीच, इनसाइट अशा आणखी कित्येक आहेत. सर्वांत मोठी कॉमनवेल्थ चार्टर अकॅडमी; तिची पटसंख्या तीस हजारांच्या पुढे गेली आहे. एवढा पट आपल्याकडील चांगल्या तीस-चाळीस हायस्कुलांचा मिळून होईल. काही शाळा आपला अभ्यासक्रम स्वतः तयार करतात, काही तो व्यापारी कंपन्यांकडून विकत घेतात, आणि काहींचा बराचसा कारभारही कंपनीच्या हाती असतो. साथीपूर्वी, म्हणजे २०१९-२० मध्ये, राज्यात या शाळांत मिळून सुमारे ३८ हजार मुले होती. पुढच्याच वर्षी ती सुमारे ६० हजार झाली.

आता तुलनेकडे वळू. सामान्य पालक पहिला प्रश्न विचारतो तो निकालाचा. "किती टक्के पास?" आपल्याकडेही निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रे तेच छापतात. पेनसिल्व्हेनियात दहावीचा निकाल हा प्रकार नाही. तेथे मोजतात ते असे की, नववीत आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत किती जणांनी शालान्त प्रमाणपत्र मिळवले. सबंध राज्याचे हे प्रमाण शेकडा ८७ च्या आसपास आहे. संगणकशाळांपैकी बहुतेक त्याच्या खाली आहेत, आणि काही तर पुष्कळच खाली. एवढ्यावर निवाडा द्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा आकडा तयार कसा होतो, ते पाहिल्याशिवाय निवाडा देऊ नये.

समजा, दोन शाळा आहेत. पहिल्या शाळेत नववीला १०० मुले आली. त्यांतली २० मुले मागे पडू लागली आणि वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या शाळांत निघून गेली. नियमाप्रमाणे त्यांची नावे या शाळेच्या यादीतून कमी झाली. उरलेल्या ८० पैकी ७२ उत्तीर्ण झाली. निकाल शेकडा ९०. दुसऱ्या शाळेत नववीला ६० मुले आली. त्यांपैकी ५४ वेळेवर उत्तीर्ण झाली. परंतु मधल्या काळात अकरावीला आणखी ४० मुले येऊन मिळाली. ती आधीच्या शाळांत दोन दोन वर्षे मागे पडलेली होती. शाळेने खटपट केली, पण त्यांतली १६ च चार वर्षांच्या मुदतीत बसली. म्हणजे १०० पैकी ७०. आता सांगा, चांगली शाळा कोणती? आपल्या मूळच्या मुलांच्या बाबतीत दुसऱ्या शाळेचाही निकाल शेकडा नव्वदच आहे. पहिलीने गाळले, दुसरीने गोळा केले, एवढाच फरक. आणि तक्त्यात मात्र एकीला शाबासकी व दुसरीला दोष.

संगणकशाळांची स्थिती पुष्कळदा या दुसऱ्या शाळेसारखी असते. आजारी पडलेली, वर्गात छळली गेलेली, नापास झालेली, घर बदलत राहणारी मुले वर्षाच्या मध्यात त्यांच्या दारी येतात, आणि काही महिन्यांत निघूनही जातात. म्हणून नुसता चार वर्षांचा आकडा पाहू नये. पाच व सहा वर्षांचाही पाहावा. तो राज्य प्रसिद्ध करते. त्यासोबत असेही विचारावे की, सप्टेंबरात जी मुले होती त्यांतली जूनमध्ये किती राहिली. शाळेच्या जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो, पण विचारण्याचा अधिकार पालकाला आहे.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग या शाळांचा दोष काहीच नाही. मुलेच तशी येतात. तेही खरे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो या संशोधनकेंद्राने २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील चार्टर शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. संगणकशाळेतील प्रत्येक मुलासाठी त्यांनी नेहमीच्या शाळांतील असे जोडीदार शोधले, की ज्यांचे आधीचे गुण, इयत्ता, वंश, आर्थिक स्थिती इत्यादी गोष्टी त्याच्याशी जुळतात. मग वर्षानंतर दोघांची प्रगती ताडून पाहिली. तेव्हा असे आढळले की, संगणकशाळेतील मूल आपल्या जोडीदारापेक्षा वर्षाला वाचनात १०६ दिवसांच्या आणि गणितात ११८ दिवसांच्या अभ्यासाइतके मागे राहते. येथे "दिवस" हे एक माप आहे. गुणांतील फरक लोकांना समजावा म्हणून तो दिवसांत बदलून सांगितला आहे. पण वर्ष १८० दिवसांचे असता ११८ दिवस म्हणजे वर्षाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग! या रीतीतही एक उणीव राहते. मुलाने शाळा का सोडली, त्याच्या मनावर कसला आघात झाला होता, हे जोडीदार शोधताना दिसत नाही. तरीही एवढी मोठी तूट केवळ त्या उणिवेने भरून निघेल, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

ही तूट येते कोठून? २०१५ मध्ये झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत याचे एक कारण सापडते. सामान्य संगणकशाळेत शिक्षक समोर येऊन प्रत्यक्ष शिकवतो असा जो वेळ मुलाला सबंध आठवड्यात मिळतो, तो नेहमीच्या शाळेतील एका दिवसाच्या वेळेपेक्षाही कमी असतो, असे त्या पाहणीत दिसले. उरलेला वेळ मुलाने आपला आपण वाचायचे, चित्रफिती पाहायच्या, प्रश्न सोडवायचे. त्याच पाहणीत शाळांच्या मुख्याध्यापकांना विचारले की, तुमची सर्वांत मोठी अडचण कोणती? सर्वांत अधिक जणांनी सांगितले, मुलाचे लक्ष अभ्यासात टिकवून ठेवणे.

आपल्याला एकलव्याची गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे. मातीच्या मूर्तीसमोर बसून तो धनुर्विद्या शिकला. त्याच्या निष्ठेचे कौतुक आपण करतो आणि करावेच. पण एकलव्य हजारांत एक होता, म्हणून तर त्याची गोष्ट झाली. प्रत्येक मूल एकलव्य आहे असे धरून जर कोणी शाळा काढली, तर उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचे काय होईल, ते वर सांगितलेल्या आकड्यांत दिसतेच. चौदा वर्षांच्या मुलाला सकाळी उठून, कोणी न हटकता, बीजगणित सोडवावेसे वाटेल, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. आपण चौदा वर्षांचे होतो तेव्हा काय करत होतो, ते आठवावे.

यातूनच पुढचा प्रश्न उद्भवतो, तो हजेरीचा. वर्गात मूल नसले तर बाक रिकामे दिसते. संगणकशाळेत रिकामे बाक कसे दिसणार? मुलाने सकाळी आपले नाव नोंदवले आणि तो पुन्हा झोपला, तर तो हजर की गैरहजर? हा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेस लागून असलेल्या ओहायो राज्याने अनुभवले. तेथे "इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो" नावाची फार मोठी संगणकशाळा २००० पासून चालू होती. २०१५-१६ या वर्षासाठी तिने पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून १५,३२२ मुलांचे अनुदान घेतले. राज्याने मुले प्रत्यक्ष किती तास अभ्यास करत होती याचा पुरावा मागितला, तेव्हा तो ६,३१३ मुलांपुरताच मिळाला. सुमारे ६ कोटी डॉलर परत करा, असे सरकारने फर्मावले. शाळेने न्यायालयात धाव घेतली. खटला चालू असतानाच, जानेवारी २०१८ मध्ये, शाळेचा पैसा संपला आणि ती वर्षाच्या मध्यात बंद पडली. सुमारे १२ हजार मुलांना ऐन थंडीत दुसरी शाळा शोधावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. नाव नोंदवणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही साधी गोष्ट ठरायला इतके दिवस आणि इतका पैसा लागला.

पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानेही २०२४ मध्ये एक नियम केला. संगणकशाळेने प्रत्येक आठवड्यात एकदा तरी प्रत्येक मूल प्रत्यक्ष पाहावे आणि त्याच्याशी त्याच वेळी बोलावे, असे त्याचे तात्पर्य. कायद्याच्या भाषेत ही मुलाच्या खुशालीची तपासणी आहे. मी हा नियम वाचला आणि थोडा वेळ थांबलो. आमच्या शाळेतला शिपाईसुद्धा प्रत्येक मुलाला दिवसातून दोनदा पाहत असे. त्यासाठी कायदा लागत नव्हता. घरात भरणाऱ्या शाळेत ही गोष्ट कायद्याने सांगावी लागते, यातच तिचा मूळ दुबळेपणा आहे. आणि तो ओळखून उपाय केला गेला, ही चांगली गोष्ट आहे.

पैशाचाही थोडा विचार करू, कारण शाळा कशी वागेल हे पुष्कळदा पैसा तिच्याकडे कसा येतो यावरून ठरते. पेनसिल्व्हेनियात ५०० शिक्षणजिल्हे आहेत. आपला जिल्हा मोठा. तेथील शिक्षणजिल्हा एखाद्या गावाएवढाही असतो, आणि घरपट्टीसारख्या करातून तो शाळा चालवतो. मूल संगणकशाळेत गेले की त्याच्या जिल्ह्याने त्या शाळेला पैसे द्यावयाचे. किती? संगणकशाळेला खर्च किती येतो यावर ते ठरत नाही; त्या जिल्ह्याचा स्वतःच्या शाळांतील दर मुलामागचा खर्च किती, त्यातून काही वजाबाक्या करून ते ठरते. परिणाम असा की, एकाच संगणकशाळेत, एकाच शिक्षकापुढे बसलेल्या दोन मुलांपैकी एकामागे दहा हजार डॉलर येतात, तर दुसऱ्यामागे वीस हजारांच्याही वर. राज्याच्या महालेखापरीक्षकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच संगणकशाळांचा तपास प्रसिद्ध केला. २०२० ते २०२३ या काळात त्यांचे एकत्रित उत्पन्न ४७ कोटी ३० लाख डॉलरांवरून ८९ कोटी ८० लाखांवर गेले, आणि गंगाजळी २५ कोटी ४० लाखांवरून ६१ कोटी ९० लाखांवर. यात कायद्याचा भंग नव्हता. सूत्रच जुने आणि सैल होते, असा लेखापरीक्षकांचा अभिप्राय. २०२४ व २०२५ मध्ये या सूत्रात काही दुरुस्त्या झाल्या आहेत.

पालकाने यातून काय घ्यावे? शाळेकडे पैसा आहे, हे दोषाचे कारण नव्हे. तो पैसा शिक्षकावर किती आणि जाहिरातीवर, इमारतींवर किती खर्च होतो, हे विचारावे. शाळेचे वार्षिक हिशेब सार्वजनिक असतात. एका शिक्षकाकडे किती मुले, या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मा हिशेब येतो.

येथवर मी या शाळांचे उणे बरेच सांगितले. न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्करोगावर उपचार घेणारी मुलगी, वर्गातल्या टोळक्याच्या छळाने शाळेच्या नावानेच कापणारा मुलगा, दिवसा धाकट्या भावंडांना सांभाळणारी किंवा स्वतःच आई झालेली विद्यार्थिनी, रोज सहा तास सराव करणारा खेळाडू, डोंगराळ भागात दूर राहणारे कुटुंब, यांना ही शाळा म्हणजे बंद झालेले दार पुन्हा उघडल्यासारखी आहे. मुंबई-पुण्यातील रात्रशाळांनी गिरणीत आणि खानावळीत राबणाऱ्या मुलांसाठी जे केले, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून शिक्षण सुटलेल्या प्रौढांसाठी जे केले, त्याच जातीचे हे काम आहे. ज्याला दुसरा मार्ग नाही त्याच्या बाबतीत तुलना चांगल्या शाळेशी करावयाची नसते. शाळाच नसण्याशी करावयाची असते.

आणखी एक पर्याय लोकांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ शिक्षणजिल्ह्यांनी आता स्वतःचेच संगणकवर्ग सुरू केले आहेत. त्यांत मूल घरी बसून शिकते, पण नाव गावच्याच हायस्कुलात राहते, प्रमाणपत्र तेच मिळते, आणि प्रकृती सुधारली की पुन्हा वर्गात जाऊन बसता येते. आजारपण काही महिन्यांचे असेल तर दूरच्या मोठ्या संगणकशाळेपेक्षा ही सोय अनेकदा बरी. आणि संगणकशाळेत गेलेल्या मुलालाही, ती शाळा जो खेळ वा कलाप्रकार देत नाही, तो आपल्या गावच्या शाळेत जाऊन करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. मूल दिवसभर घरात, तर संध्याकाळी तरी त्याने सवंगड्यांत असावे, हे सांगायला शिक्षणशास्त्र लागत नाही.

तेव्हा तुलना करावयाची ती कशी? माझ्या मते पाच प्रश्न पुरेत. मुलाला आठवड्यात किती तास शिक्षक समोर येऊन शिकवतो? एका शिक्षकाकडे किती मुले आहेत? सप्टेंबरातल्या मुलांपैकी जूनमध्ये किती राहतात? राज्यपरीक्षेला किती मुले बसली, आणि बसलेल्यांची वर्षभरातील प्रगती किती? आणि शेवटचा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: माझे मूल मंगळवारी तासाला आले नाही, तर ते कोणाच्या ध्यानात येईल, आणि तो मला केव्हा विचारील?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळतात. पाचव्याचे उत्तर माणसाच्या नावात मिळते, किंवा मिळत नाही. जेथे ते मिळते, तेथे पहिले चार आकडेही बहुधा बरे असतात; कारण गैरहजर मुलाची आठवण राहील इतकी थोडी मुले ज्या शिक्षकाकडे आहेत, तोच त्यांना शिकवू शकतो.

हे प्रश्न मी त्या गृहस्थांना लिहून दिले होते, आणि त्यांनी ते मुलीला कळवले. पंधरा दिवसांपूर्वी ते मला वाचनालयात भेटले. मुलीने तीन शाळांना दूरध्वनी करून विचारले होते. पहिलीने सांगितले, मूल आले नाही तर यंत्र आपोआप आईच्या खात्यावर निरोप पाठवते. दुसरीने सांगितले, तीन दिवस विनापरवाना गैरहजेरी झाली की कायद्याप्रमाणे पत्र येते. तिसऱ्या ठिकाणी दूरध्वनी घेणाऱ्या बाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्याचा वर्ग माझ्याकडे आला, तर दहा वाजेपर्यंत मी तुम्हाला फोन करीन. दुसऱ्या कोणाकडे आला, तर त्यांचं नाव आत्ताच लिहून घ्या." मुलीने त्या तिसऱ्या शाळेत नाव घातले.

मी विचारले, "मग नातवाचं कसं चाललंय?"

"गणित अजून कच्चंच आहे," आजोबा म्हणाले. "पण जानेवारीत दोन दिवस तो अंथरुणावर होता, तर पहिल्याच दिवशी साडेनऊला फोन आला. लेकीने मला मुद्दाम सांगितलं."

श्रोतेहो, यावरून ती शाळा राज्यात पहिली आहे, असे मी म्हणणार नाही. एका वर्षात आणि एका मुलावरून तसे ठरत नाही. परंतु माझ्या वायद्याचे उत्तर मला मिळाले. शाळा विटांची असो वा तारांची, मुलाची जागा रिकामी झाली हे कोणाला तरी त्याच दिवशी जाणवले पाहिजे. आपल्याकडेही उद्या अशा शाळा येतील, काही आल्याही आहेत. त्यांची माहितीपत्रके गुळगुळीत असतील, चित्रे सुंदर असतील. ती सगळी वाचा. मग माहितीपत्रक खाली ठेवा आणि मंगळवारचा प्रश्न विचारा.